तुम्ही टाइप केलेला शब्द पुन्हा तुमच्याच समोर येतो तेव्हा

मैत्रिणीच्या कॉलेज प्रोजेक्टची लिंक व्हॉट्सॲपवर येते. "सायकॉलॉजीचा प्रयोग आहे, दहाच मिनिटं लागतील, प्लीज कर ना." तुम्ही लिंक उघडता. पहिल्या स्क्रीनवर सूचना असते: ‘घर’ म्हटलं की आठवणाऱ्या सहा गोष्टी लिहा. तुम्ही पटापट टाइप करता. पुरणपोळी, गच्ची, तुळस, आजोबांची खुर्ची...

मग थोडी आकडेमोड करायला लागते. त्यानंतर स्क्रीनवर एकेक शब्द चमकायला लागतो. खऱ्या वस्तूचं नाव असेल तर हिरवं बटण, बनावट शब्द असेल तर लाल. नदी, हिरवं. गमटीस, लाल. पेन्सिल, हिरवं. आणि अचानक समोर येतं: आजोबांची खुर्ची.

बोट क्षणभर थांबतं. अरे, हे तर मीच लिहिलं होतं!

हा योगायोग नाही. तुमचं उत्तर त्या प्रोग्रॅमने साठवून ठेवलं, थोडं साफ केलं आणि ठरलेल्या वेळी परत तुमच्यासमोर ठेवलं. मानसशास्त्राच्या कॉम्प्युटरवरच्या प्रयोगांत ही पद्धत चांगलीच वापरात आहे. ती का वापरतात, आत नेमकं काय चालतं, मराठीत टाइप केलं की काय गोंधळ होतो आणि तुम्ही कशाकडे लक्ष ठेवायला हवं, हे सगळं आज पाहू.

उद्दीपक म्हणजे काय?

प्रयोगात माणसासमोर जे ठेवलं जातं, म्हणजे शब्द, चित्र किंवा आवाज, त्याला स्टिम्युलस म्हणतात. मराठी पाठ्यपुस्तकांत यालाच ‘उद्दीपक’ म्हणतात. त्यावर माणूस जे करतो, तो त्याचा प्रतिसाद.

नेहमीच्या प्रयोगात शब्दांची यादी आधीच तयार असते आणि सगळ्यांना तीच दाखवतात. इथे मात्र पहिल्या भागातला प्रतिसाद दुसऱ्या भागात उद्दीपक होतो. म्हणजे दहा जण प्रयोगाला बसले तर दहा वेगवेगळ्या याद्या तयार होतात, आणि त्यातली एकही प्रयोग करणाऱ्याने आधी पाहिलेली नसते. पद्धतीची सगळी मजा यातच आहे, आणि सगळी डोकेदुखीसुद्धा.

स्वतःचेच शब्द कशाला हवेत?

कारण आपल्या मेंदूला ‘आपलं’ आणि ‘परकं’ सारखं वाटत नाही. याचे पुरावे कॉम्प्युटर घरोघरी येण्याच्या कितीतरी आधीचे आहेत.

१९५९ मध्ये नेव्हिल मोरे या संशोधकाने लोकांच्या दोन कानांत दोन वेगळे मजकूर ऐकवले. एका कानात ऐकू येईल ते मोठ्याने म्हणत राहायचं, दुसऱ्या कानाकडे दुर्लक्ष करायचं. दुसऱ्या कानातलं लोकांना जवळपास काहीच कळत नव्हतं. पण त्याच कानात स्वतःचं नाव आलं की साधारण एक तृतीयांश लोकांना ते ऐकू आलं. १९९५ मध्ये हाच प्रयोग जास्त काळजीपूर्वक पुन्हा केला गेला, तेव्हाही प्रमाण साधारण तेवढंच निघालं.

१९७७ मध्ये रॉजर्स, कायपर आणि कर्कर यांनी लोकांना विशेषणं दाखवून प्रश्न विचारले. काही शब्दांबद्दल विचारलं की अक्षरं मोठी आहेत का, काहींबद्दल की यमक जुळतं का, काहींबद्दल की अर्थ अमुक शब्दासारखा आहे का. आणि काहींबद्दल विचारलं, "हा शब्द तुम्हाला लागू पडतो का?" नंतर अचानक शब्द आठवायला सांगितले, तर स्वतःला लावून पाहिलेले शब्द सर्वांत जास्त आठवले.

१९७८ मध्ये स्लामेका आणि ग्राफ यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. नुसता वाचलेला शब्द आणि स्वतः शोधून काढलेला शब्द, यांत दुसरा जास्त लक्षात राहतो. मराठीत सांगायचं तर ‘थंड–गरम’ ही जोडी वाचण्यापेक्षा ‘थंड–ग...’ पाहून ‘गरम’ स्वतः सुचवला, तर तो जास्त टिकतो.

भीती, आनंद, आठवणी अशा विषयांत तर तयार यादी कमीच पडते. एकाला ‘पाल’ वाचून शहारा येईल, दुसऱ्याला काहीच वाटणार नाही. म्हणून संशोधक म्हणतो, तुमचा शब्द तुम्हीच द्या.

पडद्यामागे काय चालतं?

असे प्रयोग बनवायला सायकोपाय, जेएस-सायक, ओपनसेसमी अशी मोफत साधनं आहेत. सायकोपाय पायथॉनवर चालतं, जेएस-सायक ब्राउझरमध्ये. साधन कुठलंही असो, पायऱ्या साधारण याच:

१. विचारणे: मजकुराचा चौकोन दाखवून उत्तर घेणे.
२. साफ करणे: मागचीपुढची मोकळी जागा काढणे, उत्तर रिकामं आहे का, तोच शब्द दोनदा आलाय का, हे पाहणे.
३. साठवणे: प्रत्येक उत्तर एका यादीत ठेवणे.
४. मिसळणे: ती उत्तरं आधी ठरवलेल्या शब्दांत घालून क्रम पिसणे.
५. दाखवणे आणि नोंदवणे: शब्द दाखवणे, बटण दाबायला लागलेला वेळ लिहिणे, आणि त्या फेरीत कुठला शब्द दाखवला तेही लिहिणे.

पाचव्या पायरीतला शेवटचा भाग नवखे लोक हमखास विसरतात. तयार यादी असेल तर ‘फेरी क्रमांक ७’ म्हणजे कुठला शब्द, हे नंतरही शोधता येतं. इथे प्रत्येकाची सातवी फेरी वेगळी. नोंद केली नसेल तर नुसते आकडे हाती उरतात, कशाचे ते कळत नाही.

दुसरी चूक याहून जास्त वेळा होते. प्रोग्रॅम चालवला, उत्तरं टाइप केली आणि पुढच्या भागात शब्दांच्या जागी कोरी स्क्रीन! का? कारण प्रोग्रॅमने पुढच्या स्क्रीन सुरुवातीलाच तयार करून ठेवल्या होत्या. तेव्हा तुम्ही काहीच टाइप केलं नव्हतं.

लग्नपत्रिकेचं उदाहरण घ्या. पत्रिका महिनाभर आधी छापतात. पाहुण्याचं नाव मात्र छापत नाहीत, ती जागा कोरी ठेवतात आणि पत्रिका द्यायला निघताना पेनाने नाव लिहितात. इथेही तसंच करायचं. स्क्रीन आधी बनवा, पण शब्दाची जागा कोरी ठेवा आणि ‘ही स्क्रीन दाखवायची वेळ आली की यादीतून शब्द उचल’ एवढी सूचना द्या. जेएस-सायकमध्ये त्यासाठी थेट शब्द न देता एक फंक्शन देतात, ते ती फेरी सुरू होताना चालतं. सायकोपायमध्ये मजकुराच्या सेटिंगमध्ये ‘कायमचा एकच’ ऐवजी ‘दर फेरीला नवा’ हा पर्याय निवडतात.

ब्राउझरमधल्या प्रयोगात अजून एक खबरदारी लागते. कोणी उत्तरात कोडसारखी चिन्हं टाइप केली, तर ब्राउझर त्यांना खरोखरचा कोड समजू शकतो. म्हणून टाइप केलेला मजकूर ‘हा फक्त मजकूर आहे’ अशा रूपात बदलूनच दाखवायचा.

मराठी टाइप केलं की काय होतं?

इंग्रजीसाठी लिहिलेला प्रयोग मराठीत चालवला की पहिला फटका अक्षरं मोजताना बसतो. ‘क्षत्रिय’ या शब्दात आपल्याला तीन अक्षरं दिसतात: क्ष, त्रि, य. कॉम्प्युटरला आठ खुणा दिसतात, कारण क, पाय मोडल्याची खूण, ष, त, पुन्हा पाय मोडल्याची खूण, र, वेलांटी आणि य असे ते वेगवेगळे साठवलेले असतात. ‘पुरणपोळी’ पाच अक्षरांची, पण तिथेही आठच खुणा. म्हणजे ‘आठ खुणांचे शब्द सारख्या लांबीचे’ असं धरलं, तर तीन अक्षरी आणि पाच अक्षरी शब्द एकाच गटात जाऊन बसतात. शब्द अक्षराअक्षराने दाखवायचा प्रयोग असेल तर वेलांट्या आणि उकार स्क्रीनवर एकटेच लोंबकळतात. शब्दाचे नीट तुकडे पाडायचे युनिकोडचे नियम आहेत, पण देवनागरी जोडाक्षर एकसंध ठेवायचा नियम त्यात आला २०२३च्या १५.१ आवृत्तीत. जुनं साधन वापरलं तर ‘क्ष’चे दोन तुकडे होऊ शकतात.

दुसरा फटका दिसत नाही, म्हणून जास्त त्रास देतो. ‘ॲप’ आणि ‘अ‍ॅप’ हे दोन शब्द पाहा. डोळ्यांना एकच. पण पहिल्यात ‘ॲ’ ही एकच खूण आहे, दुसऱ्यात ‘अ’ आणि वरचा चंद्र वेगळे टाइप झालेत. ‘दऱ्या’मधला अर्धा र सुद्धा कीबोर्डनुसार दोन पद्धतींनी लिहिला जातो. आता समजा, तुम्ही फोनवर एका पद्धतीने शब्द दिला आणि आठवड्याने दुसऱ्या कीबोर्डवर तोच शब्द आठवून लिहिला. प्रोग्रॅम म्हणणार, चूक! तुमची स्मरणशक्ती बरोबर होती, तुलना चुकली. म्हणून तुलना करण्याआधी दोन्ही शब्द एकाच साच्यात आणावे लागतात, आणि युनिकोडचं तयार सामान्यीकरण ‘ॲ’ची ही जोडी जुळवत नाही. तो नियम स्वतः लिहावा लागतो.

तिसरी गोष्ट व्याकरणाची. इंग्रजी प्रयोगात वाक्याचा साचा असतो आणि मधल्या जागेत तुमचा शब्द बसतो. मराठीत ‘तुम्हाला ___बद्दल काय वाटतं?’ असा साचा केला आणि उत्तर ‘आंबा’ असेल, तर स्क्रीनवर येतं ‘आंबाबद्दल’. आपण म्हणतो ‘आंब्याबद्दल’. शिवाय ‘तुमचा’ लिहायचं, ‘तुमची’ की ‘तुमचं’? तेही शब्दावर ठरतं. असं मोडकं वाक्य वाचलं की माणूस अडखळतो, आणि तो अडखळण्याचा वेळ तुमच्या निकालात ‘भावनेचा परिणाम’ म्हणून जाऊन बसतो. यावरचा उपाय सोपा आहे: शब्द वाक्यात घालू नका. ‘तुम्ही लिहिलेला शब्द: आंबा’ असा वेगळा दाखवा आणि प्रश्न खाली विचारा.

चौथी गोष्ट तुमच्या फोनची. बरेच लोक मराठी रोमन लिपीत लिहितात, काही बोलून टाइप करतात, काही जण बोट घासत नेतात आणि कीबोर्ड शब्द सुचवतो. मग शब्द ‘स्वतः सुचला’ असं म्हणायचं की कीबोर्डने सुचवला? अँड्रॉइडवर ब्राउझरला बऱ्याचदा कुठली कळ दाबली हेही कळत नाही, प्रत्येक कळीसाठी २२९ हा एकच आकडा मिळतो. म्हणून फोनवर टाइप करण्याच्या वेगावरून निष्कर्ष काढणं धोक्याचं. वेळ मोजायचा तर तो पुढच्या भागात, बटणावर.

साफसफाईनेही निकाल बदलतो

‘रिकामी आणि दुबार उत्तरं काढून टाकली’ हे वाक्य अहवालात अगदी साधं वाटतं. पण २००८ मध्ये कर्बी, कॉर्निश आणि स्मिथ यांनी एडिंबरामध्ये केलेला प्रयोग पाहा.

त्यांनी लोकांना एक बनावट भाषा शिकवली. वेगवेगळ्या रंगांच्या, आकारांच्या, वेगवेगळ्या प्रकारे हलणाऱ्या आकृत्या आणि प्रत्येकीसाठी एक शब्द. मग चाचणी घेतली. पहिल्याने जी उत्तरं टाइप केली, तीच दुसऱ्याला ‘भाषा’ म्हणून शिकवली. दुसऱ्याची उत्तरं तिसऱ्याला. अशी दहा जणांची साखळी. आपल्या उत्तरांचं पुढे काय होतं, हे कोणालाच माहीत नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं, आपण फक्त शब्द पाठ करतोय. ही कल्पना जुनी आहे. फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२च्या पुस्तकात एकाने आठवून लिहिलेली गोष्ट दुसऱ्याला वाचायला देण्याचे प्रयोग मांडले होते.

एडिंबराच्या पहिल्या प्रयोगात उत्तरं होती तशी पुढे गेली. साखळीच्या शेवटी शब्द फार थोडे उरले, कितीतरी चित्रांना एकच शब्द. दुसऱ्या प्रयोगात संशोधकांनी एकच बदल केला: एकाच शब्दाने दोन गोष्टी सांगितल्या असतील तर त्यातली एकच पुढे द्यायची, बाकीच्या गाळायच्या. तेवढ्याने चित्र पालटलं. भाषेत रचना आली. शब्दाचे तुकडे रंग, आकार, हालचाल सांगायला लागले.

दुबार उत्तर गाळायची एक साधी चाळणी, आणि निकाल वेगळा. संशोधकांनी ती जाणूनबुजून लावली आणि उघड सांगितली, म्हणून तो शोध ठरला. हीच चाळणी कोणी नकळत लावली असती आणि लिहायची विसरली असती, तर ती चूक ठरली असती.

आपला शब्द जिंकला, पण कशामुळे?

आता परत मैत्रिणीच्या प्रयोगाकडे. समजा, लोकांनी स्वतःच्या शब्दांवर बटण लवकर दाबलं. ‘आपलेपणामुळे वेग वाढतो’ असा निष्कर्ष काढायचा का?

थांबा. तो शब्द त्यांनी दहाच मिनिटांपूर्वी पाहिला होता. शिवाय तो टाइप करताना अक्षर न् अक्षर डोळ्यांखालून गेलं होतं. वर तो कदाचित रोजच्या वापरातला होता आणि बाकीचे शब्द कमी ओळखीचे होते. यापैकी कशामुळेही वेग वाढू शकतो.

यावरचा चांगला उपाय म्हणजे जोड्या लावणे. सीमा आणि राहुल अशा दोन सहभागींची जोडी धरा. सीमाचे शब्द सीमाला ‘स्वतःचे’ म्हणून दिसतात आणि राहुलला ‘परके’ म्हणून. राहुलचे शब्द उलट. म्हणजे तेच शब्द, तीच लांबी, तेवढेच ओळखीचे, फरक फक्त मालकीचा. त्यातून नुकतंच पाहिल्याचा परिणामही काढायचा असेल, तर पहिल्या भागातच सीमाला राहुलचे शब्द जसेच्या तसे टाइप करायला लावायचे. एवढं करूनही आपले शब्द पुढे राहिले, तर आपलेपणाबद्दल काहीतरी म्हणता येईल.

पण लक्षात आलं का? या उपायात सीमाने लिहिलेलं राहुलला दिसतं.

तो शब्द कोणाचा?

इथे गोष्ट तंत्राची उरत नाही. मोकळ्या चौकोनात माणूस काहीही लिहितो: मित्राचं नाव, गावाचं नाव, आजाराचं नाव. फाइलमधून तुमचं नाव आणि नंबर काढला तरी ‘आजोबांची खुर्ची’ तिथेच राहते. आणि समजा, ते आजोबा मागच्याच महिन्यात गेले असतील तर? प्रयोग करणारीला ते माहीत नाही. प्रोग्रॅमला तर नाहीच. तो ठरल्या वेळी शब्द दाखवणार आणि तुमचं बोट किती मिलिसेकंद थांबलं ते लिहिणार. तयार यादीतला शब्द कोणीतरी आधी वाचून, तपासून ठेवलेला असतो. तुमचा शब्द तुमच्याआधी कोणीच तपासलेला नसतो.

आणखी एक धोका आहे. समोर दिसतं ते खरंच आपलंच उत्तर आहे का, हे आपण वाटतं तितकं तपासत नाही. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १६० लोकांकडून कागदावर काही नैतिक प्रश्नांची मतं घेतली. मग हातचलाखीने दोन विधानं उलट केली आणि "हे तुमचं मत, जरा समजावून सांगा" असं म्हटलं. ६९ टक्के लोकांनी निदान एक उलटलेलं मत आपलं म्हणून स्वीकारलं. कित्येकांनी त्याची बाजूही मांडली. कागदावर यासाठी हातचलाखी लागली. स्क्रीनवर दोन ओळींचा कोड पुरतो. अशा अभ्यासात शेवटी खरा प्रकार सांगितला जातो. पण ‘तुम्ही असं म्हणाला होतात’ असं दाखवणारी प्रत्येक स्क्रीन प्रामाणिक असेलच, असं धरून चालू नका.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं समाज आणि वर्तनाच्या संशोधनालाही लागू होतात. आधी माहिती देऊन संमती घ्यायची आणि मधेच बाहेर पडायचा हक्क द्यायचा, हा त्यांचा पाया आहे. नुसतं ‘मी सहमत आहे’वर टिक म्हणजे संमती नव्हे.

लिंक उघडण्याआधी हे पाहा

- माझी उत्तरं मला परत दाखवली जातील का, दुसऱ्या कोणाला दाखवली जातील का, हे सुरुवातीला सांगितलंय का?
- मधेच थांबायचं बटण आहे का? थांबलो तर लिहिलेलं पुसलं जाईल का?
- प्रयोगाची जबाबदारी कोणाची, शंका कोणाला विचारायची, हे लिहिलंय का?
- खरं नाव, फोन नंबर, दुसऱ्या कोणाची खासगी गोष्ट चौकोनात टाइप करू नका.

आणि उद्या तुम्हीच असा प्रयोग बनवणार असाल तर एवढं करा. उत्तरं घेतल्यावर एक साधी स्क्रीन ठेवा: "हे तुमचे सहा शब्द. यातला कुठला पुढे दाखवू नये असं वाटतं का?" सोबत प्रत्येक शब्दाशेजारी एक चौकोन. कोणी शब्द काढला तर त्याजागी दुसरा मागा आणि किती शब्द काढले गेले ते अहवालात लिहा. निकालात थोडी भर पडेल, थोडी घट होईल. पण आजोबांची खुर्ची स्क्रीनवर आणायची की नाही, हे जिने ती लिहिली तिलाच ठरवता येईल.